लाल दिसलं की नागपूरला फोन

"मराठीत सांगा, मॅडम," डॉक्टर खोब्रागडे म्हणाल्या. "या दोघांचं भांडण महिनाभर ऐकून राहिले मी. भांडण कशावरून आहे तेच अजून कळलं नाही."

भांडणारे दोघं फळ्यासमोर उभे होते. बाहेर नागपूरचा मे महिना होता आणि खोलीतला कूलर इतका घोंघावत होता, की प्रत्येकाला आपलं म्हणणं ओरडूनच मांडावं लागत होतं. त्यामुळे भांडण होतं त्यापेक्षा मोठं वाटत असावं, असा मी सुरुवातीला समज करून घेतला होता.

विदर्भातल्या लहान लहान गावांत रक्तपेढ्या चालवणारा तो एक न्यास होता. खोब्रागडे त्याच्या वैद्यकीय प्रमुख. फळ्याच्या उजवीकडे उभे होते ते दिवाकर घाटोळे, चष्मा कपाळावर चढवलेले, निवृत्तीला आलेले. सगळ्या पेढ्यांची जुनी संगणक-यंत्रणा ते सांभाळत. डावीकडे नरेश लांजेवार, पस्तिशीचा, हातात मार्कर. त्याला ती यंत्रणा मोडून नवी उभी करायची होती. आणि मी पुण्याहून निवाडा करायला आलेली. पुण्याहून माणूस आणला की निवाडा नीट होतो, असं नागपूरकरांना वाटतं की पुणेकरांनाच, ते मला आजवर कळलेलं नाही.

"एकत्र कुटुंब आणि वेगळ्या चुली," मी म्हटलं. "भांडण एवढंच आहे."

"म्हणजे कसं?"

"कामं दोन्हीकडे वाटलेलीच आहेत. रक्तदात्याची नोंद एकाकडे, तपासणी एकाकडे, साठा एकाकडे, वाटप एकाकडे. घाटोळ्यांची पद्धत सर्व्हिस-ओरिएंटेड. कामं आपापली, पण चूल एक, कोठी एक, आणि कुठलाही निरोप घरच्या कर्त्याच्या कानावर घातल्याशिवाय पुढे जायचा नाही. लांजेवारांची पद्धत मायक्रोसर्व्हिसेसची. प्रत्येकाचं घर वेगळं, चूल वेगळी, कोठी वेगळी. निरोप एकमेकांच्या दारात टाकायचा. ज्याला जेव्हा मिळेल तेव्हा मिळेल."

"कर्ता आजारी पडला तर?"

"घरभर उपास."

"आणि वेगळे राहिले तर?"

"ज्याची चूल विझली तो उपाशी. बाकीचे जेवतात."

"मग वेगळंच बरं ना," डॉक्टर म्हणाल्या. "पण एकाच्या पिठात विष निघालं, तर बाकीच्यांना केव्हा कळतं?"

प्रश्न नेमका होता. नरेशने मार्करचं टोपण लावलं. "कळतं जी. थोड्या वेळानं."

"थोड्या म्हणजे?"

"बहुतेक वेळा लगेच."

"आणि बहुतेक नसेल तेव्हा?" घाटोळे मध्येच म्हणाले. "म्हणूनच म्हणून राहिलो मी मॅडमला, पाटील बरा. पाटील थांबवतो म्हणून माणसं जिवंत आहेत."

पाटील हे त्या जुन्या यंत्रणेतल्या मधल्या भागाचं टोपणनाव. सगळे निरोप त्याच्यातून जात, आणि त्याला विचारल्याशिवाय कुठल्याही पेढीत पान हलत नसे.

"पाटील थांबवतो म्हणून माणसं मेलीसुद्धा आहेत, घाटोळे साहेब," नरेश म्हणाला. आवाज मुळीच चढवला नव्हता. मार्कर टेबलावर ठेवला आणि तो खोलीबाहेर गेला.

डॉक्टर कागद आवरू लागल्या.

दुपारी घाटोळ्यांनी मला आपल्या डब्यात वाटेकरी करून घेतलं. गवारीची भाजी होती आणि सोबत ज्वारीची भाकर. दोन घास पोटात गेल्यावर ते म्हणाले, "पोराचं वाईट नका वाटून घेऊ, मॅडम. त्याची लहान बहीण गेली. तीन वर्षं झाली. देवटोल्याला दिली होती तिला. दुसरं बाळंतपण."

"रक्त मिळालं नाही?"

"मिळालं नाही कसं म्हणू? फ्रीजमध्ये पिशवी होती. तिच्याच गटाची."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रक्त देऊन गेलेल्या एखाद्या माणसाचा दोन-चार दिवसांनी फोन येतो, की मला ताप निघाला, कावीळ निघाली. मग त्याची पिशवी परत बोलवावी लागते. पिशवीचे भाग करून ते वेगवेगळ्या गावी गेलेले असतात. म्हणून पाटील सगळ्या पेढ्यांतलं वाटप थांबवतो, आणि प्रत्येक गावाने "पाहिलं, आमच्याकडे नाही" असं कळवेपर्यंत थांबवूनच ठेवतो. स्क्रीन लाल होतो. पिशवीवर लावायचं लेबल छापलं जात नाही, आणि लेबल नसलेली पिशवी वॉर्डात कुणी हातात घेत नाही.

"त्या दिवशी दुसऱ्याच एका गावच्या पेढीतला माणूस जेवायला गेला होता," घाटोळे म्हणाले. "तो जेवून आला, त्यानं बटण दाबलं, पाटील हिरवा झाला. तोवर इकडे पोरगी गेली. तिचं बाळही."

"आणि ती पिशवी?"

"चांगली होती. तिचा काहीच संबंध नव्हता." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "नरेशला वाटते, मी पाटील सांभाळतो म्हणजे मीच मारलं. तोंडानं म्हणत नाही. पण तेव्हापासून माझ्यासोबत जेवत नाही."

मला तेव्हा खरंच धास्ती वाटली. मी आयुष्यभर असले निवाडे केले होते. बँकेत केले, विमा कंपनीत केले. हरलेला पक्ष चार दिवस फुरंगटून बसतो आणि कामाला लागतो. इथे माझ्यासमोर यंत्रणा ठेवलीच नव्हती. एक मेलेली मुलगी ठेवली होती आणि विचारलं होतं, हिला कुणी मारलं? मी जुनी ठेवा म्हटलं तर नरेशला ऐकू येणार होतं, की ती गेली ते नियमाप्रमाणेच गेली. नवी घ्या म्हटलं तर घाटोळ्यांच्या गळ्यात ते मरण कायमचं बांधलं जाणार होतं.

नव्या यंत्रणेची त्या आठवड्यात चाचणी चालू होती. प्रत्येक पेढीत शेजारी शेजारी दोन स्क्रीन. जुना खरा, नवा नुसता दाखवण्यापुरता. लेबल मात्र जुनाच छापायचा. नरेश मला स्वतःचं काम दाखवू लागला तेव्हा मी मनातल्या मनात टोपी काढली. इतकं स्वच्छ काम मी पुण्यातल्या मोठमोठ्या कंपन्यांतही पाहिलं नव्हतं. एकेक भाग आपल्या पायावर उभा. एक बंद केला तर दुसरा हूं की चूं करत नव्हता.

"यात कोणी कोणाची वाट पाहत नाही, मॅडम," तो म्हणाला. ते सांगताना त्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल झालेला दिसला.

त्याच्या टेबलावर एक जुना तारेचा फोन होता. वर चिकटवलेलं होतं, मदत-कक्ष. सगळ्या पेढ्यांत भिंतीवर हाच नंबर लावलेला आणि खाली एक ओळ: लाल दिसलं की नागपूरला फोन.

"नवी यंत्रणा आली की याची वायर काढून टाकायची," नरेश म्हणाला. "लालच दिसणार नाही तर फोन कशाला?"

"फोन तूच घेतोस?"

"आम्ही पाळीनं घेतो जी. मी, घाटोळे साहेब, अजून दोघं." आणि त्याने विषय बदलला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझं मन त्याच्या बाजूला झुकलेलं होतं. त्याच्या दुःखामुळे झुकलं की त्याच्या कामामुळे, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मे महिन्यात विदर्भात रक्त मिळत नाही. कॉलेजं बंद, उन्हात कुणी घराबाहेर पडत नाही. त्या वर्षी सगळ्या पेढ्यांची भिस्त एका शिबिरावर होती. एका भाऊंच्या वाढदिवसाचं शिबिर. मांडव, कूलर, रक्त देणाऱ्या प्रत्येकाला एक हेल्मेट, आणि किती पिशव्या जमल्या त्याचा आकडा फ्लेक्सवर. कार्यकर्ते भाऊंसाठी जीव द्यायला तयार असतात. रक्त म्हणजे किरकोळ बाब. त्या एका शिबिरातलं रक्त सगळीकडे गेलं होतं, आणि बऱ्याच फ्रीजमध्ये त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या दुपारी डॉक्टर खोब्रागड्यांना एका बाईचा फोन आला. आम्ही सगळे तिथेच होतो, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. बाई रडत होती. नवऱ्याला कावीळ झालेली, दवाखान्यात बेशुद्ध पडलेला. आणि त्याने भाऊंच्या शिबिरात रक्त दिलं होतं.

"नाव सांगा त्यांचं," डॉक्टर म्हणाल्या. नाव शोधलं. "बाई, या नावाची पिशवीच नाही."

"त्याहीनं आपल्या नावानं नाही देल्लं," बाई म्हणाली. "महिन्याआधी दुसऱ्या भाऊंच्या वाढदिवसाले देल्लं होतं. लागोपाठ देता येत नाही म्हणते. तं कोणाच्या तरी नावानं देल्लं. भाऊंचा आकडा भरत नव्हता."

"कोणाच्या नावानं?"

"मले काय माहीत, बाई! तेच सांगतीन आता शुद्धीवर आल्यावर."

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "सगळं शिबिर परत बोलवा."

"तपासणी झालेली आहे ना पिशव्यांची?" मी विचारलं.

"सगळ्याच काविळी आपल्या तपासणीत नाही येत. आणि नुकती लागलेली असेल तर कोणतीच नाही येत. बोलवा."

घाटोळ्यांनी निरोप घातला. पाटलाने सगळी गावं लाल केली. नरेशच्या यंत्रणेनेही निरोप सोडला, प्रत्येकाच्या दारात टाकला. एकेका गावाच्या नावापुढे "पोचला" असं उमटू लागलं. फक्त देवटोल्याचं उमटेना. तिथली इंटरनेटची लाइन दुपारपासून गेली होती. त्यामुळे पाटलाला देवटोल्याचा होकार मिळत नव्हता आणि तो कुणालाच मोकळं करत नव्हता. नव्या यंत्रणेत बाकीच्या गावांना सगळं कळलं होतं. देवटोल्याला मात्र काहीच कळलेलं नव्हतं. तिथे नव्या स्क्रीनवर हिरवं होतं आणि त्याच्या शेजारी, लाइन गेली की आपोआप लाल होणाऱ्या जुन्यावर, लाल.

खोब्रागडे आपल्या खोलीत इतर रुग्णालयांना फोन लावायला गेल्या. आणि मदत-कक्षाचा फोन वाजला.

पाळी नरेशची होती. टाइप करायला हात मोकळे राहावेत म्हणून तो स्पीकर लावत असे. तसाच त्याने लावला.

"सर, देवटोल्याहून शीतल बोलून राहिली. जुन्यावर लाल दाखवते, तुमच्या नवीनवर हिरवं. कोणाचं ऐकू?"

"पिशवी कोणती?"

तिने गट सांगितला, नंबर सांगितला. शिबिरातलीच होती. तिच्या फ्रीजमध्ये त्या गटाची तेवढी एकच.

"सर, लवकर सांगा. बाई टेबलावर आहे, ऑपरेशन थिएटरमधून दुसऱ्यांदा माणूस आला. बाळंतपणाचं आहे, लई रक्त जाऊन राहिलं."

मी नरेशकडे पाहिलं. महिनाभर हा माणूस एकच वाक्य बोलत होता, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. आता त्याच्या समोर दोन्ही स्क्रीन होते. हिरवं का हिरवं आहे हे त्याला माहीत होतं. न पोचलेला निरोप त्याला डोळ्यांनी दिसत होता. लाल का लाल आहे हेही माहीत होतं.

"लाल आहे तर लाल," घाटोळे मागून म्हणाले. "नाही म्हण."

"सर?" शीतल म्हणाली.

"शीतल," नरेश म्हणाला. "थांबा."

"किती वेळ, सर?"

तो एकदा लाल स्क्रीनकडे, एकदा हिरव्याकडे पाहत राहिला.

"सर, मागच्या वेळेसारखं नका ना करू," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मी खुर्चीवरून उठले, पण उठून काय करणार होते ते मला आजही सांगता येणार नाही. दारात डॉक्टर खोब्रागडे उभ्या होत्या. त्यांनी फोनवरचं सगळं ऐकलं असावं. त्या आल्या, नरेशच्या पुढ्यातून फोन ओढला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "शीतल, मी खोब्रागडे. रडू नको. मोबाइलवरून आहेस ना? डॉक्टरांकडे फोन दे. हो, टेबलापाशी घेऊन जा. धाव."

पावलांचा आवाज आला. दार. मग एक तरुण, धापा टाकणारा आवाज. "डॉक्टर कुरेशी."

"कुरेशी, नीट ऐका. तुमच्या फ्रीजमधली पिशवी एका शिबिरातली आहे. त्या शिबिरातल्या एका माणसाला कावीळ निघाली. त्याची पिशवी कोणती, ते कळायला मार्ग नाही. तुमची असू शकते. नसण्याचीच शक्यता पुष्कळ जास्त. दुसरी पिशवी तुम्हाला वेळेत नाही मिळणार."

"वेळ नाहीच, मॅडम. ही जाईल."

"मग?"

"मग कावीळ मागाहून पाहू."

"बरोबर. द्या. नातेवाइकांना सांगा आणि माझं नाव लिहा. शीतल, लेबल नाही निघणार. प्लास्टरच्या पट्टीवर पेनानं लिही आणि चिकटव."

एवढंच. एखाद्याला पत्ता सांगायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात झालं.

संध्याकाळी कळलं, बाई वाचली. बाळ आधीच गेलेलं होतं. त्या पिशवीने बाईला पुढे काही झालं नाही, म्हणजे ती त्या माणसाची नव्हती. पण हे फार नंतर कळलं आणि तोवर त्याला काही अर्थ उरला नव्हता.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा घाटोळे बोलले. "मॅडम, हे नियमात नाही बसत."

"काय नाही बसत?"

"लाल असताना देणं. लाल दिसलं की आमच्याकडे फोन येतो, आम्ही थांबा म्हणतो."

"आणि मग डॉक्टरला कोण सांगतं?"

घाटोळ्यांनी कपाळावरचा चष्मा हातात घेतला. मग म्हणाले, "आम्हाला वाटे, तुमच्याकडून सांगत असतीन."

"मला वाटे, तुम्ही फोन डॉक्टरकडे देता," खोब्रागडे म्हणाल्या. त्या हळूहळू खाली बसल्या. "इतकी वर्षं मी तेच धरून चालले."

लाल दिवा संगणकावर पेटायचा, म्हणून तो संगणकवाल्यांचा प्रश्न. तंत्रज्ञ संगणकवाल्याला फोन करी, संगणकवाला संगणकाकडे बघून उत्तर देई. रक्त मागणारा डॉक्टर चार भिंती पलीकडे उभा असे आणि त्याला एवढंच कळे, की पिशवी मिळत नाही. का मिळत नाही, धोका केवढा आहे, तो पत्करायचा का, हे त्याला कुणी विचारतच नव्हतं. जुनी यंत्रणाही विचारत नव्हती आणि नवीही. जुनी त्याला "नाही" सांगायची, नवी त्याला "आहे" सांगणार होती.

नरेश केव्हा निघून गेला, ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा तो बाहेरच्या पायऱ्यांवर बसला होता. कालचाच शर्ट. मला पाहून उठला.

"काय लिहून राहिल्या तुम्ही, मॅडम?"

"बस," मी म्हटलं आणि त्याच्याशेजारी पायरीवर टेकले. ऊन अजून सोसवण्यासारखं होतं. "वेगळ्या चुली. तुझीच पद्धत. फक्त परत बोलावण्याचा निरोप दारात टाकून पळायचं नाही. समोरच्याने 'घेतला' म्हणेपर्यंत दारात उभं राहायचं, तोवर त्या एकाच घरचं वाटप बंद. आणि लाल दिसलं की फोन नागपूरला नाही, डॉक्टरला."

तो जिंकला होता. मला वाटलं निदान सुस्कारा तरी टाकेल.

"म्हणजे पाटीलच चुकीचा होता," तो म्हणाला.

"तो अडचणीचा होता."

"चुकीचा होता असं लिहा ना, मॅडम." हे त्याने इतक्या अजिजीने म्हटलं की मी चमकून पाहिलं. तो समोर रस्त्याकडे पाहत होता. "तो फोन मी घेतला होता."

"कालचा?"

"माझ्या बहिणीच्या वेळचा."

तो रस्त्याकडे बघतच बोलत राहिला.

"आपण पेशंटचं नाव विचारत नाही. पिशवीचा नंबर घेतो. शीतलनं नंबर सांगितला, मी म्हटलं, लाल आहे, थांबा. ती नवीन होती, मला ओळखत नव्हती. शकूची तारीख पुढच्या आठवड्यातली होती, माझ्या मनातही नाही आलं. पुन्हा फोन आला, पुन्हा म्हटलं थांबा. चौथ्या खेपेला मी चिडलो. म्हटलं, सारखा सारखा फोन नका करू, मी पाहून राहिलो ना. त्याच्यानंतर तिनं नाही केला. संध्याकाळी घरून फोन आला."

रस्त्यावरून एक टँकर गेला.

"घाटोळे साहेबांना नाही माहीत. घरी नाही माहीत. घरी आणि तिच्या सासरी सांगितलं, मशीन बंद पडली होती. सांगून सांगून मलाही तसंच वाटायला लागलं. मग म्हटलं, ही मशीनच मोडायची. अशी बनवायची की कोणाला विचारायलाच नको. कोणाला थांबा म्हणायची पाळीच नको." आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "पाटील नसता तर ती वाचली असती ना, मॅडम? तुम्ही यातल्या जाणकार आहात. तुम्ही सांगा."

हो म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. पाटील नसता तर लेबल छापलं गेलं असतं. त्याला तेवढंच हवं होतं. पुण्याहून आलेल्या बाईने कागदावर सही करून म्हणावं, यंत्रणेने मारलं. मला ते देता आलं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण काल त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आज ना उद्या ते त्याच्या ध्यानात येणारच होतं, आणि तेव्हा तो एकटा असता.

"पाटील असतानाही वाचली असती, नरेश," मी म्हटलं. "काल खोब्रागड्यांनी जे केलं, ते जुन्या यंत्रणेवरच केलं. लाल असतानाच."

त्याला हे कळायला वेळ लागला नाही. बहुधा तो रात्रभर तेच घोकत होता आणि कुणीतरी नाही म्हणेल म्हणून माझी वाट पाहत बसला होता.

"डॉक्टरकडे फोन द्या," तो म्हणाला. "एवढंच म्हणायचं होतं?"

"एवढंच."

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

"मला माहीत आहे. सांगायला हवं होतं. तो तुझा दोष नाही."

"पण मीही नाही ना विचारलं." आणि मग तो रडला. मोठ्याने, तोंड न झाकता, पायरीवर बसून. ऑफिसात येणारी माणसं आमच्याकडे बघत बघत आत जात होती. घाटोळे आले, थबकले. मी मानेने नको म्हटलं, तरी ते त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले आणि डबा मांडीवर धरून तसेच बसून राहिले.

बऱ्याच वेळाने नरेशने बाहीने तोंड पुसलं. "साहेब, आज सुट्टी टाकून राहिलो. देवटोल्याला जातो."

"लाइन दुरुस्त झाली तिथली, बाप्पा," घाटोळे म्हणाले. "रात्रीच झाली. तू काहून जातो?"

"जवाईबुवा आहेत. तिची सासू आहे."

"मग?"

"त्यांना सांगायचं आहे," नरेश म्हणाला आणि उठला. "मशीन चालू होती म्हणून."